उमाशंकरांच्या तीन लेन्स आणि कुंकवाची चिमूट

आमचे धाकटे दीर उमाशंकर यांच्याविषयी मी हे लिहिते आहे ते डोकं तापलेलं असतानाच. थंड झाल्यावर लिहायला बसले असते तर चार गोड खोटी वाक्यं आली असती. माझं शिक्षण धारच्या शाळेत चौथीपर्यंत. जोडाक्षर चुकलं तर सांभाळून घ्या.

उमाशंकर आता बहात्तरचे. लग्न केलं नाही. विचारलं की म्हणायचे, "वहिनी, दिवसभर अंधाऱ्या खोलीत बसणाऱ्याला कोण मुलगी देणार?" अंधारी खोली म्हणजे फोटो धुवायची. ते धारहून देवासला आले तेव्हा इथे नवे कारखाने निघत होते, महाराष्ट्रातून बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं नोकरीला उतरत होती. प्रत्येकाला ओळखपत्राला फोटो लागे. आमच्या यजमानांनी घराची पुढची खोली त्यांना दुकानाला दिली, ती आजपर्यंत.

गिऱ्हाइकाला "हसा" म्हणायचं नाही, हा त्यांचा नियम. "आहात तसेच बसा, हलू नका," एवढंच. उदयनगरच्या जंगलातल्या गावांत जायचे, तिथल्या म्हाताऱ्या कॅमेऱ्याकडे डोळे वटारून बघायच्या. हे तस्साच फोटो काढायचे आणि पुढच्या खेपेला बसनं नेऊन द्यायचे. एकीनं आपला फोटो बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "हां, या मैं ही हूँ." हे ते आजही सांगतात, जसं कुणी सोन्याचं कडं दिलं असावं.

त्यांच्या तीन लेन्स. हातानं फिरवून चित्र स्वच्छ करायच्या, वजनदार, जुन्या धातूच्या. पावसाळ्यात काचेला बुरशी धरू नये म्हणून मी उन्हात तापवलेल्या तांदळाची पुरचुंडी त्यांच्या डब्यात ठेवायची. पुसायला माझ्या जुन्या मलमली लुगड्याचे तुकडे. इतकी वर्षं माझं लुगडं ज्यांच्या अंगावरून फिरलं, त्या लेन्स काही एकट्या दिरांच्या नाहीत.

मग डोळे गेले. मोतीबिंदू काढला तरी जुन्या कॅमेऱ्याच्या भोकातून बघितलं की म्हणायचे, "ताकातून बघितल्यासारखं दिसतंय." काय स्वच्छ आहे, काय पुसट आहे, कळेना. एक दिवस डबा कपाटावर ठेवला आणि माझ्याशेजारी येऊन मटार सोलायला बसले. दोन वर्षं सोलले. सोलायला वाईट नव्हते, पण त्यांचं तोंड बघून मला मटार गोड लागेनात.

दुकान आता माझा नातू मयुरेश बघतो. सगळं यांच्याकडूनच शिकला. त्यानं नवा कॅमेरा आणला, त्यात म्हणे आरसा नसतो. जुन्या कॅमेऱ्याची लेन्स काढली की आत तिरपा छोटा आरसा दिसे. नव्याची काढली की ज्यावर फोटो उमटतो ती चकचकीत चकती तोंडाशीच उघडी. जुनी लेन्स त्यावर सरळ बसत नाही, पण मधे घालायची एक रिंग मिळते. सोयरीक जमवणारा कसा इकडचंही बोलतो आणि तिकडचंही, तशी ती रिंग. दिरांनी इंदूरहून ती मागवली, सगळ्यात जुनी लेन्स बसवली आणि कॅमेरा डोळ्याला लावला.

आत टीव्हीसारखा पडदा आहे. बटण दाबलं की चित्र मोठं होतं, आणि जे स्वच्छ असेल त्याच्या कडेला लाल रेघ उमटते. डोळ्यांनी अंदाज करायलाच नको.

"वहिनी," ते म्हणाले, "तुमच्या भुवईत एक पांढरा केस आहे."

"एकावर थांबा. पुढचे मोजू नका."

आठ दिवसांत कॅमेरा घेऊन नेमावरच्या नर्मदेच्या घाटावर जाऊन आले. मटार मी एकटी सोलायला लागले आणि ते गोड लागले.

आता खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी कामाच्या सगळ्या वस्तूंची पूजा होते. कॅमेरा आणि लेन्स वेगवेगळ्या करून पाटावर मांडायच्या, कॅमेऱ्याचं तोंड उघडं ठेवायचं, झाकलेल्या देवाची पूजा करत नाहीत म्हणून. हळद-कुंकू मी वाहायचं. कण आरशावर पडले तरी दुसऱ्या दिवशी दीर रबरी फुग्यानं फुंकून काढायचे. चाळीस वर्षं हेच.

यंदा ते झेंडूच्या माळा आणायला गेले होते. नव्या कॅमेऱ्याच्या तोंडावर झाकण तसंच होतं. मला वाटलं विसरले. मी फिरवून काढलं आणि सढळ हातानं चिमूट सोडली, नवा आहे म्हणून जरा जास्तच.

ते आले. पाटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. फुंकर मारली आणि झाकण लावलं.

दसऱ्याला धारला साखरपुडा होता, किमया नावाच्या मुलीचा. मयुरेशनं फोटो काढले. प्रत्येक फोटोत त्याच जागी काळे ठिपके, आणि एकटीच्या फोटोंत तर नेमके मुलीच्या गालावर. तिच्या घरच्यांनी त्याला चारचौघांत वाट्टेल ते ऐकवलं. घरी आल्यावर ते सगळं त्यानं दिरांवर ओतलं.

"आबा, किती बार बोललो, हा कबाड माझ्या कॅमेऱ्याला लावू नका. आत बुरशी आहे, तीच झडून पडली. इज्जत गेली माझी."

दीर मटाराच्या पाटीकडे बघत म्हणाले, "असेल बाबा. माझ्याच लेन्समधून पडलं असेल."

"असेल नाही, आहे. इंदूरचे एक शुभंकर भिया जुन्या लेन्स जमा करतात. रविवारी बोलावतो. तीनही देऊन टाकू."

दीर उठून आपल्या खोलीत गेले. बहात्तर वर्षांच्या माणसाच्या लेन्सला तिशीतला पोरगा कबाड, भंगार म्हणतो आणि हा माणूस ऐकून घेतो, माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी मयुरेशला म्हटलं, "ज्यानं तुला कॅमेरा धरायला शिकवला त्याच्याशी बोलतोयस."

"आजी, तुला यातलं नाही समजणार."

शनिवारी तो इंदूरहून कॅमेरा साफ करून घेऊन आला. वाढायला बसले तर म्हणतो, "उजेड अडला की फोटोत ठिपका काळाच दिसतो, पण कारागिरानं आत कापूस फिरवला तर लाल निघाला. लाल बुरशी मी पहिल्यांदा बघितली."

माझा हात वाढता वाढता थांबला. दिरांनी मान खाली घातली आणि भाकरीचा तुकडा मोडत बसले. तेव्हा मला कळलं की यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मयुरेश उठल्यावर मी त्यांना धरलं. "भावजी, तुम्हाला माहीत होतं."

"वहिनी, चाळीस वर्षं तुम्ही पूजा केलीत. एका चिमटीपायी तुम्हाला नातवासमोर उभं करू?"

"मग तीन लेन्स देऊन टाकणार? आणि मग काय करणार, मटार?"

"मटार वाईट नाहीत."

इतका राग मला मयुरेशचाही आला नव्हता. माझी चूक होती, ती माझी होती. ती उचलून स्वतःच्या डोक्यावर घ्यायला यांना कुणी सांगितलं? मी काय काचेची आहे, पुसून डब्यात ठेवायला?

रविवारी शुभंकर आला. चांगला मुलगा, पाया पडला. मयुरेशनं डबा टेबलावर ठेवला. त्यानं एक लेन्स उजेडाकडे धरली, फिरवली, म्हणाला, "भिया, बुरशी कुठे आहे? काच एकदम साफ आहे."

"साफच असणार," मी म्हटलं. "माझ्या लुगड्यानं पुसली आहे. मयुरेश, लाल ते कुंकू होतं. झाकण मी काढलं, चिमूट मी टाकली. कबाड द्यायचं असेल तर मला दे याच्याबरोबर. वजन जास्त भरेल."

मयुरेश दिरांकडे वळला. "आबा, तुम्ही बोलले का नाही?"

"त्यांना काय विचारतोस?" मी म्हटलं. " तू कुणाला बोलू दिलंस?"

शुभंकरनं लेन्स अलगद डब्यात ठेवली, तांदळाची पुरचुंडी सरळ केली आणि चहा न घेता निघाला. मयुरेशनं डबा दिरांच्या मांडीवर नेऊन ठेवला. म्हणाला, "किमयाचे फोटो पुन्हा काढायला धारला जायचंय. तुम्ही चला. चेहरे तुम्हीच काढा."

"आणि तिच्या आईबापासमोर सांग, आबांच्या लेन्सचा दोष नव्हता," मी म्हटलं.

"सांगतो, आजी."

दीर लगेच लेन्स पुसायला बसले. रिंग लावली, कॅमेरा माझ्याकडे वळवला. मी तोंड फिरवलं. अजून माझा राग गेला नव्हता, आजही गेलेला नाही.

"इकडे बघा, वहिनी."

"मी हसणार नाही."

"कोण म्हणतंय हसा? आहात तशाच बसा. हलू नका."

मी त्यांच्याकडे डोळे वटारून बघितलं आणि हलले नाही.