नव्या माणसाचा चेहरा

अनंतच्या घरातल्या तीन पिढ्यांनी कचेरीची भाकरी खाल्ली. अनंत मात्र कुठंच चिकटला नाही. पस्तिशीला त्यानं पुसदच्या बसस्टँडमागं एक गाळा घेतला आणि त्यात झेरॉक्सचं मशीन अन् जुने कॉम्प्युटर मांडले. पाटीवर ‘कॉम्प्युटर क्लास’ होतं. पण तिथं ‘सातवेशी’ खेळायला मिळते, हे गावाला ठाऊक होतं.

हे नाव त्यानंच पाडलेलं. मूळचं इंग्रजी नाव जिभेला जड. पाच भागांचा जुना खेळ. आपला एक माणूस घडवायचा, त्याला नाव द्यायचं, मग तो परक्या मुलखात गावोगाव हिंडतो, लोकांशी बोलतो, लढतो, एकेक करत सात वेशी ओलांडतो. नव्या माणसाला अनंत पहिल्या भागाला हात लावू देत नसे. “त्यातली ओबडधोबड चित्रं पाहून पळून जाल. आधी दुसरा खेळा. जीव लागला की मग पहिला.” ज्याला इंग्रजी येत नसे त्याच्याजवळ स्टूल ओढून तो बसे आणि पडद्यावरचं बोलणं वऱ्हाडीत सांगे. पुढं काय होणार, हे मात्र मेला तरी सांगत नसे.

त्याच्यापुरता हा खेळ केव्हाच संपला होता. प्रत्येक दार, प्रत्येक दगा तोंडपाठ. दुसऱ्या भागात एका भुयाराच्या टोकाशी एक जागा आहे. तिथं पोचलेल्या नव्या माणसाचा चेहरा बदलतो. तो चेहरा पाहायला मिळावा, एवढीच एक इच्छा त्याच्यात जिवंत राहिली होती. तो तिला शिकवणं म्हणे. ती भूक होती.

कापसाचे ते वाईट दिवस होते. खाजगी व्यापारी भाव पाडून माल उचलत होते, आणि हमीभावानं घेणाऱ्या संकलन केंद्राबाहेर ट्रॉल्यांची रांग हलत नव्हती. त्या रांगेतून फुलसावंगीचा घनश्याम सातबाऱ्याची झेरॉक्स काढायला आला. ट्रॉलीवर बायकोला, कोकिळेला, बसवून आला होता. मशीन तापेपर्यंत तो पडद्याकडं पाहत राहिला.

“हे गाव कोणतं होय, भाऊ?”

“बसा ना. तुमची लाईन काय आज सरकत नाही.”

“मले काय समजते ह्यातलं!”

“मी सांगतो ना. नाव बोला, तुमच्या माणसाचं.”

घनश्यामनं डोकं खाजवलं. “बसंतीबाई टाका. माही मोठी आई, बापाची माय. तिच्यापुढं अख्ख्या गावात कोणी उभं राह्यत नव्हतं.”

बाकीची गिऱ्हाइकं फिदीफिदी हसली. घनश्यामही हसला. पण खेळायला लागला तेव्हा अनंत चकित झाला. हा माणूस तलवार उपसायच्या आधी प्रत्येक घरी जाऊन चौकशी करी. “याच्या विहिरीले पाणी काहून नाही? पुसा त्याले.” इतक्या वर्षांत हा प्रश्न अनंतला सुचला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. कागद सदऱ्याच्या खिशात होते. ट्रॉलीवर वाऱ्यानं उडतील म्हणून कोकिळेजवळ ठेवले नव्हते. “पुढच्या ट्रॉलीवर आमच्या गावचा सेवादास आहे. त्याले तुमचा नंबर देला. लाईन सरकली का फोन करीन तो.”

दुपारी तो भुयारात शिरला. भुयारात खेळ राखून ठेवता येत नाही; मधेच उठलं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. शेवटच्या वळणाशी फोन वाजला. अनंतनं उचलला.

“घनश्यामले धाडा लवकर,” सेवादास ओरडत होता. “कापूस तपासणारा ग्रेडर आला ना! सातबारा घनश्यामच्याच खिशात आहे.”

अनंतनं घनश्यामकडं पाहिलं. तो पडद्यात वाकला होता.

“निघाला तो,” अनंत म्हणाला. “आत्ताच निघाला.”

“कोणाचा होता?” घनश्यामनं मान न वळवता विचारलं.

“राँग नंबर.”

भुयाराच्या टोकाशी दगडी दार होतं. दाराशी एक आंधळी म्हातारी. ती आपल्या माणसाला त्याच्या नावानं हाक मारते. अनंतनं ओळ वाचली आणि हळू आवाजात सांगितली, “बसंतीबाई, मले वाटलं तू येत नाही आता.”

घनश्यामचा हात माऊसवरून सुटला. त्याचा चेहरा लहान झाला, मग मोठा झाला. अनंतला हवं होतं ते सगळं त्यात होतं. अनंतनं ते पोटभर पाहिलं. आणि लगेच स्कूटरची किल्ली उचलली.

“चला, तुम्हाला सोडतो,” तो म्हणाला.

“एवढी काय घाई?”

“चला म्हणतो ना!”

स्कूटर केंद्राशी पोचली तेव्हा फाटक लागलं होतं. जागा संपली, पुढची सूचना येईपर्यंत खरेदी बंद. सेवादासची ट्रॉली आत गेली होती. घनश्यामची बाहेर होती, आणि भोवती खाजगी दलाल माशांसारखे जमले होते. कोकिळा कापसावरून खाली उतरली.

“कुठं होते तुम्ही? ग्रेडर कागद मागून राह्यला, मी काय दाखवू त्याले? सेवादासभाऊनं फोन केला तं म्हणे निघाले. मंग गेले कुठं?”

घनश्यामनं अनंतकडं पाहिलं. एकदाच. रागानं नव्हे, ओझं किती आहे ते अजमावावं, तसं. आता हा सांगेल, अनंतला वाटलं. सांगू दे. पण सांगायचं तर बायको कापूस राखत बसली असताना आपण खेळत होतो, हेही सांगावं लागणार होतं.

“रस्त्यात चक्कर आली,” घनश्याम म्हणाला. “ह्या भाऊनं दवाखान्यात नेलं.”

कोकिळेचा राग जागीच विझला. तिनं नवऱ्याच्या कपाळाला हात लावला, मग अनंतकडं वळली. “काय म्हणे डाक्टर? काही घोर तं नाही ना?”

आता खरं बोललं असतं तर घनश्याम खोटा पडला असता. अनंतनं स्वतःला हे कारण दिलं, आणि ते चालूनही गेलं.

“बीपी आहे म्हणाले. जागरणानं.”

“तुम्ही होते म्हणून, भाऊ. नाही तं परक्या गावात कोण कोणाले उचलते!” तिनं भाकरीचं फडकं सोडलं. “जेवले नसान तुम्ही आमच्यापायी. घ्या.”

घनश्याम पाठमोरा उभा राहून दलालाशी भाव बोलू लागला. त्याचा आवाज फार खाली होता. अनंतनं भाकरीचा तुकडा ठेच्याला लावून तोंडात घातला. दुसरा तुकडा तोडलाच नाही.

“लाजू नका,” कोकिळा म्हणाली, आणि आणखी अर्धी भाकरी त्याच्या हातावर ठेवली.