पेजेसारखं तेल

वैनगंगेच्या ऐन धारेत इंजिन एकदा कण्हलं आणि जाम झालं. डोंगा आडवा फिरला. डोंग्यात धानाच्या रोवण्याला निघालेल्या आम्ही सहा बाया, आणि इंजिनापाशी माझा धाकटा भाऊ तुळशीराम. त्यानं हँडल मारून पाहिलं, ते तसूभर हललं नाही. "बायांनो, पकडून बसा!" एवढंच ओरडला.

त्याला जाऊन दीड महिना होईल. भेटायला येणारे म्हणतात, नदीनं नेलं. नदीला कशाला नावं ठेवता? त्याची अक्कल त्याआधीच एका बाटलीनं नेली होती.

आमच्या बापाचा डोंगा बांबूवर चालायचा. तुळशीरामनं त्याला शेतातल्या पंपाचं डिझेल इंजिन बसवलं. दरसाल पावसाळ्याच्या तोंडावर जुनं तेल काढायचं, नवं भरायचं, आणि काढलेलं काळं तेल डोंग्याच्या बुडाला चोपडायचं. माणूस गबाळा, पण यात कधी चुकला नाही.

मग आठवडी बाजारात तो बाटलीवाला आला. टेबलावर गरगर फिरणारं चाक. साध्या तेलात चाक किंचाळायचं, इंजिनाच्या तेलात घालायची त्याची दवा टाकली की गप्प. माणसं तोंड उघडं टाकून बघत होती, त्यात आमचा शहाणा सगळ्यात पुढे. दुधासारख्या दवेची बाटली घेऊनच घरी आला.

"आता तेल बदलाचं कामच नाई, बाई. हे टाकली का इंजिन पोलादाचं."

"आधी काय मेणाचं होतं?"

"तुले इंजिनातलं काय समजते?"

"मले एवढं समजते, का त्याच्या टेबलावर नदी नाई."

तो हसला. हसायचा छान, तेवढं कबूल करते…

यंदा जुनं तेल निघालंच नाही, म्हणून बूडही कोरडं राहिलं. फळ्या पाझरू लागल्या. इंजिन खाली बसवलेलं, त्याच्या पोटात पाणी शिरत राहिलं. तेल पाहायची सळई त्यानं माझ्यासमोर काढली, तर तिच्यावर तांदळाची पेज.

"तुळश्या, तेल पांढरं काऊन झालं रे?"

"दवाचा रंग हाये तो. काम करून राह्यली."

कुणी म्हणेल, इंजिन पाण्यानं मेलं, बाटलीनं नाही. खरं आहे. पण बाटली नसती तर त्यानं तेल बदललं असतं, बूड चोपडलं असतं, आणि पांढरं तेल दिसताच पाणी ओळखलं असतं. त्या दवेनं कुणाचं इंजिन चाललं असेल तर त्या विकणाऱ्याच्या फटफटीचं.

एरवी एवढ्या पुरात तो डोंगा सोडत नसे. त्या सकाळी सोडला. इंजिन पोलादाचं झालं होतं ना!

वाहत वाहत डोंगा पाण्यात बुडालेल्या बाभळीवर आदळला. तुळशीराम डोंग्याचा दोर घेऊन उतरला, काट्यांतून शेंड्यापर्यंत गेला, गाठ मारली. "भाऊ, डोंग्यात ये!" बाया ओरडत होत्या. गाठ बसली. त्याचा हात सुटला…

दुपारी गावच्या मासेमार धिवरांनी आम्हाला काढलं. आम्ही सहाही बाया जिवंत आहोत. तुळशीराम नाही.