गरम टुवाल

तात्यांचं दाढी-कटिंगचं दुकान पुढच्या खोलीत आणि संसार मागच्या खोलीत. मध्ये नुसता एक पडदा. मागे स्टोव्हवर पातेल्यात पाणी उकळत असे, आणि गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावण्याआधी तात्या हाक देत, "टुवाल." की माई वाफाळता टुवाल पिळून घेऊन हजर. लग्न झाल्यापासून त्यांनी बायकोला दुसरी हाक अशी मारलीच नव्हती. गिऱ्हाइकं चिडवत, "माई, तुमचं नावच टुवाल ठेवलंय की." माई म्हणे, "भिजवतात, पिळतात, वर वाळत घालतात. काय चुकलं?"

त्या शब्दाची कुळकथा तात्या माणसाला वस्तऱ्याखाली घेऊनच सांगत, म्हणजे त्याला उठून जाता येत नसे. "हा आपला नव्हे बरं का. दूरदेशीच्या लोकांनी जहाजातून आणला. ते काहीतरी तोंडभरून म्हणत. आपल्या माणसांनी खांद्यावर टाकला, वापरून वापरून मऊ केला, झाला टुवाल. मग दुसरे साहेब आले, त्यांच्यामागे टावेल आला."

माई टावेलच म्हणे. लेक शिकली, तिचा झाला टॉवेल. तात्या हसत, "एका दोरीवर तिघं वाळतात. तोंड पुसायला सगळे सारखेच."

एका सकाळी वस्तरा हातातून गळला. तात्यांचं अर्धं अंग गेलं, आणि वाचाही. दुकानाच्या दाराला कुलूप लागलं आणि आत खुर्चीशेजारी तात्यांची खाट पडली. डॉक्टर म्हणाले, वस्तू दाखवा, बोलतं करा. लेक कामावरून आली की चमचा, कंगवा, टॉवेल घेऊन बापासमोर बसे. पोरीनं जिवाचं रान केलं. तात्या नुसते बघत.

आणि एका संध्याकाळी माईनं पडद्याआडून ऐकलं, "टु... वाल."

तिच्या हातातली पळी खाली पडली. गरम पाण्याच्या पातेल्यात टावेल बुडवून, बोटं भाजत पिळून ती धावली. तोवर लेक आनंदानं बापाचा हात धरून म्हणत होती, "आलं की! फक्त टुवाल नाही तात्या, टॉवेल. म्हणा, टॉ."

तात्यांनी ओठ वळवले. वाकडं तोंड आणखी वाकडं झालं, लाळ गळली. पुन्हा एकदा वळवले. मग गावभर बोलणारा तो माणूस, फळ्यासमोर उभं केलेल्या पोरासारखा, खाली बघायला लागला.

"म्हणू दे की गं तसंच," माई म्हणाली.

"चुकीचं पक्कं होईल ना, आई."

शिकलेली पोर, बापासाठी झिजतेय, तिला काय बोलायचं, म्हणून माई टावेल घेऊन पडद्याआड परतली. दुसऱ्या दिवशी तात्यांनी टॉवेलकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. पुढे काही लागलं तर बोट दाखवत. गेले तेव्हाही गप्पच गेले.

दिवसपाणी उरकल्यावर लेकीनं दुकान उघडलं. खुर्ची पुसली आणि तीतच बसून राहिली. मागे माईनं सवयीनं पातेलं चढवलं होतं. बऱ्याच वेळानं पुढून रडका आवाज आला, "टुवाल."

शब्द अगदी त्यांच्यासारखा म्हटला होता पोरीनं. माईचा हात पाण्यात गेलासुद्धा. पिळून झाल्यावर ती पडद्यापाशी आली आणि तिथंच थांबली, टुवाल गार होईपर्यंत.