चंद्रोदय वाचता आला तर पास

इन्स्पेक्टर काका कधीच पोलिसात नव्हते. सोसायटीत नवीन आलेली माणसं मात्र सुरुवातीचे काही महिने त्यांना वचकून असायची, आणि आम्ही जुनी मंडळी ती गंमत मुद्दाम चालू द्यायचो. काका होते एका कारखान्याच्या तपासणी खात्यात. मुलुंडचा तो कारखाना कधीच बंद पडला, पण काकांची तपासणी काही बंद पडली नाही. माझ्या लग्नात त्यांनी कुकर दिला. खोका उघडला तर कुकर आतून धुतलेला, आणि वर चिठ्ठी: 'तीन शिट्ट्या घेतल्या. पास.' खाली झोकदार सही. माझ्या सासूबाईंना वाटलं, वापरलेला कुकर गळ्यात मारला. वीस वर्षं झाली, कुकर अजून चालू आहे आणि सासूबाई अजून तेच म्हणतात.

"आधी वस्तू तपासायची, मग माणूस," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कुणाची मुलगी गणितात नापास झाली तर काका आधी तिच्या टेबलावरचा दिवा बघायला जायचे. मला हसू यायचं. एकदा मी चिडवलं तेव्हा त्यांनी कारण सांगितलं. एका कामगाराचे तुकडे सारखे मापात चुकत होते, म्हणून काकांनी त्याच्या नावावर शेरा मारला. चार महिन्यांनी कळलं की मापायचं गेजच झिजलं होतं. कामगार तोवर नोकरी सोडून गावी गेला होता. काका एरवी आमच्याशी शुद्ध बोलायचे, मनाला लागलेलं काही असलं की मात्र मालवणीवर यायचे. म्हणाले, "मी गेलंय तेच्या गावाक. तो माझ्याशी बोलाक नाय. माणसाक दिलेलो दोष परत घेवक गावना नाय, बाय."

निवृत्त झाल्यावर त्यांनी फोर्टातून कॅमेऱ्याची एक जुनी मिरर लेन्स आणली. लांबचं जवळ दाखवणारी लेन्स म्हटली की हातभर नळकांडं डोळ्यांसमोर येतं, ही मात्र तांब्याएवढी बुटकी. आत भिंगांबरोबर आरसे, त्यामुळे लांबी वाचते. पण ती आपोआप काही करत नाही. बाहेरची रिंग हातानं फिरवून फोकस लावायचा, आणि रिंग केसभर इकडेतिकडे झाली की फोटो गेला. शिवाय मागचे उजेडाचे ठिपके हिच्यात पोकळ गोल होऊन येतात. काकू म्हणायच्या, "ह्यांच्या फोटोत कडबोळीच फार." त्या लेन्समधून काका टॉवरवरच्या घारी टिपायचे, पण घारींपेक्षा त्यांचा जीव तपासणीत.

तपासणीची पद्धत त्यांची स्वतःची. रविवारी सकाळी, ऊन तापून गच्चीवरची हवा थरथरायला लागायच्या आत, मी आमच्या बी विंगच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीला कॅलेंडर लावायचं. भिंतीवरचं साधं कॅलेंडर, चार कोपऱ्यांना कपड्यांचे चिमटे. समोर ए विंगच्या गच्चीवर काका, स्टँडवर कॅमेरा लावून. फोटो काढायचा, स्क्रीनवर मोठा करायचा, आणि संकष्टीच्या चौकोनातली चंद्रोदयाची बारीक वेळ वाचायची. वाचता आली तर लेन्स पास. मग ते हात वर करायचे आणि मी चिमटे काढायचे. माझी रविवारची झोप या माणसानं किती वर्षं खाल्ली ते मी मोजलेलं नाही.

मग एका रविवारी हात वर झाला नाही. पुढच्या रविवारीही नाही. काकांनी पद्धतशीर शोध सुरू केला. आरशाला बुरशी धरली असेल, म्हणून लेन्स फोर्टात दुरुस्तीला गेली. दुरुस्तीवाल्यानं 'काही दोष नाही' म्हणून परत पाठवली. मग स्टँड सैल ठरला, नवा आला. मग कॅलेंडरची छपाई वाईट ठरली, दुसरं कॅलेंडर आलं. मग मी चिमटे तिरके लावते असं निघालं, त्यावरून आमचं भांडण झालं. लेन्स दुसऱ्यांदा फोर्टात गेली आणि पुन्हा तशीच परत आली.

काय बिघडलंय ते आख्ख्या सोसायटीला माहीत होतं. काकांचा उजवा हात थरथरायला लागला होता. काकू त्यांना अर्धाच कप चहा द्यायच्या आणि "दूध कमी आहे" म्हणायच्या. वॉचमन पुढे होऊन लिफ्टचं बटण दाबायचा. कुणी एक शब्द बोलायचं नाही. एकदा काकू माझ्याकडे येऊन रडल्या. डॉक्टरांचं नाव काढलं की ते म्हणतात, आधी लेन्सचा निकाल लागू दे. म्हणजे लेन्सवर संशय होता तोवर हातावर येणार नव्हता, आणि तोवर हा माणूस औषधाला हात लावणार नव्हता. आम्ही नुसते बघत होतो. इतकं हताश मला क्वचितच वाटलंय.

मी मुळात तापट. त्या रविवारी काकांनी पलीकडून ओरडून सांगितलं की लेन्स तिसऱ्यांदा फोर्टात पाठवतो, आणि माझं डोकंच फिरलं. कॅलेंडर तसंच ठेवून मी खाली उतरले, ए विंगचे चार मजले चढले, आणि "सरका जरा, काका" म्हणून कॅमेऱ्याला डोळा लावला. रिंग फिरवली, अक्षरं आली, बटण दाबलं. मी काही फोटोग्राफर नाही. पण स्क्रीनवर मोठं करून बघितलं तर संकष्टी, चंद्रोदय, तास, मिनिटं, सगळं लख्ख.

"बघा, लेन्समध्ये काही नाहीये," मी म्हणाले.

वाक्य तोंडातून सुटलं आणि राहिलेलं अर्धं त्यांच्यापर्यंत न बोलताच पोचलं. काका स्क्रीनवर वाकले आणि बराच वेळ वाचत राहिले. "लेन्स पास," म्हणाले. मग स्टँडचा स्क्रू काढायला गेले, तो काही केल्या फिरेना. मी हात पुढे केला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला कॅमेऱ्याचं काम करू दिलं. माझी जीभ झडली का नाही, असं वाटलं मला.

सोमवारी ते आपणहून डॉक्टरकडे गेले. गोळ्यांनी थोडा फरक पडला. काकू माझा हात धरून म्हणाल्या, तू होतीस म्हणून झालं. काका मला काहीच म्हणाले नाहीत. चहाला यायचे, कप दोन्ही हातांनी धरायचे, सासूबाईंशी पावसापाण्याचं बोलायचे. रविवार मात्र बंद झाला. आता मला झोपायला मोकळीक होती, आणि सकाळी सातला टक्क जाग यायची.

दिवाळीनंतर त्यांची मुलगी काका-काकूंना पुण्याला घेऊन गेली. निघताना काकांनी एक खोका माझ्या हातात ठेवला. आत कॅमेऱ्यासकट लेन्स, आणि वर चिठ्ठी: 'पास.' अक्षर काकूंचं होतं. सही तेवढी त्यांची, वेडीवाकडी, कागदाच्या कडेवरून खाली उतरलेली. मी ती वाचली आणि त्यांच्यासमोर उभी राहून रडले. ते म्हणाले, "बाय, गाडीक उशीर होता हा."

मध्ये एका रविवारी मला राहवलं नाही. टाकीला कॅलेंडर लावलं, ए विंगच्या गच्चीवर जाऊन फोटो काढला, आणि तिथूनच पुण्याला फोन केला. मनाशी पक्कं ठरवून केला होता. म्हटलं, "काका, आज तपासणी केली. मलाही पुसटच आलं सगळं. लेन्सच गेली असणार."

"आता तू खंय आसंस?"

"तुमच्या गच्चीवर."

"आणि कॅलेंडर?"

"आमच्या टाकीला."

"बरं. काकूचो उपास आसा ह्या संकष्टीक. चंद्रोदय किती वाजता?"

"नऊ अठरा," मी स्क्रीनवर बघून सांगून गेले.

मग काका म्हणाले, "पास."