हळदीला गेलेलं जातं

माणगावला चहा घेतला, म्हसळा मागे पडलं आणि एसटीच्या खिडकीतून खारा वारा लागला. आई जाऊन वर्ष झालं होतं. गावचं घर विकलं तेव्हा तिने आपलं जातं गावच्या संग्रहालयाला देऊन टाकलं होतं. त्याचा खुंटा (जातं फिरवायचा लाकडी दांडा) मला एकदा मुठीत धरायचा होता. तिची मूठ त्यावर जन्मभर फिरली होती. एवढ्यासाठी पुण्याहून निघणारा माणूस शहाणा नव्हे, हे मलाही कळत होतं.

संग्रहालय म्हणजे बंदराजवळची कौलारू खोली. नांगर, कंदील, मासळीच्या टोपल्या आणि आईच्या नावाची पाटी. पाटीमागचा चौथरा मात्र रिकामा!

"जातं कोळीवाड्यात गेलंय, हळद हाय तिकडं," राखण करणाऱ्या वहिनी म्हणाल्या.

"संग्रहालयातली वस्तू लग्नाला?"

"मग? गावात दुसरं जातं उरलंय कुठं? नेतात, पुसून परत आणतात."

रागावावं की हसावं कळेना. तसाच कोळीवाडा गाठला.

मांडवात सवाष्णी गाणी म्हणत हळद दळत होत्या. खुंट्याला आंब्याची पानं बांधलेली. मी कोणाचा कोण ते सांगितलं, तशी नवरीची आई लगबगीने उठली. "मंजुळाबायचं पोर व्हय तुमी? बसा, बसा!"

मी भीतभीतच खुंटा धरू का विचारलं. मांडवभर हसू फुटलं. "दादा, ह्ये बायांचं काम हाय!"

तेवढ्यात पानं सरकली. खुंटा नवाकोरा होता.

"जुना?"

"मागल्या लग्नात मोडला तो. चुलीत गेला." माझा चेहरा पाहून नवरीच्या आईचं हसू ओसरलं. हळकुंडाच्या तुकड्यांचं सूप तिने माझ्यापुढे सरकवलं. "जात्याला घास तरी घाला तुमी."

मी मूठमूठ घास घालत राहिलो. घरघर अगदी तीच होती. झोपेतून उठून आईच्या मांडीवर डोकं टेकायचो, तेव्हाची. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

परतीच्या एसटीत बोटं पिवळी होती. ते जातं चौथऱ्यावर गप्प बसलेलं दिसलं असतं, तर डोळे भरून पाहून निमूट घरी गेलो असतो. पण ते आईवाचून चालायला लागलंय. मला अजून जमलेलं नाही.