म्हाळाच्या दिवशीचं ऑपरेशन

१२ सप्टेंबर २००९. पितृपक्षात सासऱ्यांचा म्हाळ होता आणि मी मालवणच्या घरी वडे तळत होते. दुपारी आमच्या कुत्र्याला म्हापशाला न्यायचं होतं. त्याच्या पित्ताशयात गाठ होती, डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. तिथले जनावरांचे डॉक्टर आणि त्यांचे मित्र, माणसांचे सर्जन, दोघं मिळून दुर्बिणीनं ऑपरेशन करणार होते. गाठ यकृतात पसरलेली दिसली, तर भुलीतून उठवायचं नाही, असं ठरलं होतं.

कुत्रा उपाशी हवा, हे मी घरात सगळ्यांना बजावलं होतं. साडी बदलून मागच्या पडवीत आले तर त्याच्यापुढे केळीचं पान, चाटून स्वच्छ. कित्येक दिवस अन्नाला तोंड न लावणाऱ्यानं वडे आणि खीर संपवली होती.

"पितरांचो वाटो थांबवतत काय गो?" सासूबाई म्हणाल्या. "कावळ्याक दिलंय, गाईक दिलंय. ह्याकाच कसो नाय?"

गाडीत नवरा म्हणाला, "डॉक्टरांका सांगू नुको. परत धाडतले."

"धाडूंदेत."

डॉक्टरांनी विचारल्यावर मी वडे, खीर सगळं सांगितलं. ते चिडले. भुलीत उलटी होऊन फुफ्फुसात गेली तर कुत्रा टेबलावरच जाईल, म्हणाले. सर्जन दुसऱ्या दिवशी मुंबईला जाणार होते. त्यांनी घड्याळ पाहिलं.

"संध्याकाळी करू. तोवर मीही जेवून येतो. एकट्या कुत्र्यानंच का म्हाळ जेवायचा?"

संध्याकाळी नवरा बाहेर गाडीतच बसून राहिला. मी आत, काचेपलीकडे उभी. पोटाला बोटाएवढी भोकं पाडून त्यांनी दुर्बीण आत घातली. टीव्हीवर यकृत दिसलं, काळपट लाल, गुळगुळीत. कडेला एक पांढरा डाग होता. सर्जनचा हात थांबला. डॉक्टरांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली. ठरलं होतं ते ठरलं होतं. सर्जननी आधी चिमट्यानं डाग हळूच ओढून पाहिला, तसा तो सुटून आला.

"चरबी आहे," सर्जन म्हणाले आणि पित्ताशय सोडवायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुत्र्याला आधार देऊन दवाखान्याच्या अंगणात नेलं, तिथं त्यानं लघवी केली. मग नवऱ्याला त्याच्याजवळ बसवलं आणि काढलेल्या पित्ताशयाची बरणी पिशवीत उभी धरून तपासणीसाठी पणजीची बस पकडली.