नळाखाली धरलेला हात

आज माझा उजवा हात पेन धरू शकतो, याबद्दल मी सर्वांत जास्त मॉरीन यांचा ऋणी आहे. मॉरीन आमच्या शेजारी राहतात. वय सत्तरीपुढचं, बोटं संधिवातानं वाकडी झालेली. आयर्लंडमधल्या कॉर्क शहराबाहेरच्या आमच्या वसाहतीत त्यांच्या आणि आमच्या परसामध्ये फक्त एक बुटकं कुंपण आहे.

रुग्णालयात डॉक्टरांनी माझ्या हाताची पट्टी सोडली, बराच वेळ निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "तळहात भरून येईल. अंगठा मात्र डीप डर्मल बर्न आहे."

म्हणजे अंगठ्याचं भाजणं कातडीच्या वरच्या थरावर थांबलं नव्हतं, आतल्या थरात खोल गेलं होतं. तिथे स्किन ग्राफ्ट करावं लागणार होतं, म्हणजे मांडीवरची पातळ कातडी काढून अंगठ्यावर लावायची. पकड किती परत येईल हे आताच सांगता येणार नाही, असंही त्या म्हणाल्या.

मी औषधांच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत काम करतो. तिथे दिवसभर पिपेट वापरावी लागते. द्रव मोजून घ्यायची ही नळी अंगठ्यानं दाबायची असते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्या शिक्षणावर ही नोकरी, आणि नोकरीवर इथलं राहणं. सगळं त्या एका अंगठ्यावर येऊन थांबलं होतं. आई कोपऱ्यातल्या खुर्चीवरून सारखी विचारत होती, "काय म्हणत्यात?"

झालं ते असं. आई पहिल्यांदाच आमच्याकडे दिवाळीला आली होती. आयर्लंडमध्ये भुईनळे, बाण दुकानात मिळत नाहीत, आणि परवान्याशिवाय घरी बनवणं बेकायदाच आहे. मला ते माहीत होतं. पण मी रसायनशास्त्र शिकलेला. एकच भुईनळा करू, आईला दाखवू, असं मनात आलं. काय मिसळलं ते मी लिहिणार नाही, कारण हे वाचून कुणी करून पाहावं अशी माझी इच्छा नाही. नंतर पोलीस येऊन उरलेलं सामान घेऊन गेले आणि मला जे सुनावलं, ते योग्यच होतं.

तयारी मात्र मी मन लावून केली होती. गॉगल, हातमोजे, पाण्याची बादली. परसातल्या शेडमध्ये मी नळा ठासत होतो आणि तो हातातच पेटला.

गॉगलमुळे डोळे वाचले. बाकीची तयारी फसवी निघाली. हातमोजे प्रयोगशाळेतले, निळे, पातळ. ते रसायनापासून हात वाचवतात. आगीत ते वितळून कातडीला चिकटतात. थंडी म्हणून घातलेलं फ्लीसचं, म्हणजे कृत्रिम धाग्याचं, जाकीट मनगटावर आक्रसलं. बादली दाराबाहेर होती आणि मी आत, आगीच्या पलीकडच्या बाजूला. कसाबसा बाहेर पडलो.

स्वयंपाकघरात आईनं पहिल्यांदा हाताला लागली ती टूथपेस्ट उचलली आणि माझ्या अंगठ्यावर थापली. आमच्याकडे भाजल्यावर हेच करतात. तेवढ्यात धूर पाहून मॉरीन मागच्या दारानं आत आल्या. काही न विचारता त्यांनी माझं मनगट धरलं आणि हात नळाखाली घातला. माझी बायको स्वाती फोनवर रुग्णवाहिका मागत होती. पलीकडूनही तेच सांगत होते: वीस मिनिटं गार वाहतं पाणी, अंगठी आणि घड्याळ काढा, चिकटलेलं काही ओढू नका.

आई घाबरून गेली होती. "तिला सांग, पाण्यानं फोड येत्यात. सोड म्हणावं."

मॉरीन यांना शब्द कळले नाहीत, भीती कळली असावी. "यू आर ग्रँड, लव्ह," म्हणजे काळजी करू नका, सगळं ठीक आहे, असं त्या आईला म्हणाल्या आणि मोकळ्या हातानं तिचा खांदा धरला. माझं मनगट काही सोडलं नाही.

"लय हट्टी म्हातारी हाय," आई म्हणाली. स्वतः साठ ओलांडलेली.

तर रुग्णालयात पट्टी सोडली त्या दिवशी डॉक्टरांचं बोलणं मी आईला मराठीत सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्यांना विचार, मी पेस्ट लावली म्हणून अंगठा ग्येला का?"

मला ते विचारायचं नव्हतं. उत्तर हो आलं असतं, तर ते मलाच तिला सांगावं लागलं असतं. पण तिनं पुन्हा म्हटलं, "विचार." मी विचारलं.

डॉक्टर माझ्याकडे न बघता आईकडे बघून बोलल्या. "अंगठा वितळलेल्या हातमोज्यानं खोल भाजला. पेस्ट आम्हाला धुवावी लागली, इतकंच. पुढच्या वेळी मात्र फक्त पाणी. तळहात पाण्यामुळेच वाचला."

मी जसंच्या तसं सांगितलं.

"मग हातमोजं कुणी घातलं?"

"मीच."

"मग बरं," आई म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून रडली.

ग्राफ्ट धरलं. पुढचे महिने ऑक्युपेशनल थेरपीचे, म्हणजे हाताला रोजची कामं पुन्हा शिकवण्याचे. मऊ माती दाबायची, कपड्यांचे चिमटे उघडायचे, बटणं लावायची. ज्यांना हे करावं लागेल त्यांना सांगतो, चिमटा पहिल्यांदा उघडतो त्या दिवशी रडू येतं, येऊ द्या. आणि शोभेच्या दारूकामाची खरोखर ओढ असेल, तर परवाना असलेल्या लोकांकडे जा, त्यांच्या हाताखाली शिका. घरात करू नका.

हातानं लिहिलेलं माझं पहिलं पत्र मॉरीन यांना होतं. मूळ इंग्रजीत आहे. इथे मराठीत देतो.

*

प्रिय मॉरीन,

अक्षर वेडंवाकडं आहे, पण उजव्या हाताचं आहे. पुढच्या सोमवारपासून मी कामावर जातोय. पिपेट दाबता येते.

आई गावी परतली. तिथे ती सगळ्यांना सांगते, भाजलं तर पाणी, नुसतं पाणी. कुणी फोडांचं नाव काढलं, की तुमचं नाव सांगते.

दोन महिन्यांपूर्वी थेरपीच्या खोलीत शेजारी एक आजी बसल्या होत्या. त्यांची बोटं तुमच्यासारखीच. थेरपिस्ट त्यांना सांगत होत्या की गार पाण्यात हात अजिबात घालू नका, सांधे ठणकतील. तेव्हा मला आठवलं. त्या दिवशी वीस मिनिटं नळाखाली माझ्या हाताबरोबर तुमचाही हात होता. हात ठणकतोय असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत, आणि मी एकदाही विचारलं नाही.

आईला फोनवर हे सांगितलं. त्यानंतर तिनं लोकर आणली. सोबत पाठवलेले हातमोजे तिनं विणलेत. तुमच्या हाताचं माप तिच्या लक्षात होतं. बोटं वाकवताना दुखू नये म्हणून ती मुद्दाम सैल ठेवलीत.

तुमचा शेजारी,
प्रशांत